सेराफिननं राखलेला पाणसुरुंग

माझा दीर सेराफिन ओस्टेंडचा कोळी. महायुद्ध संपलं आणि पुढच्याच वसंतात माझ्या नवऱ्याच्या, कामिएलच्या जाळ्यात युद्धातला पाणसुरुंग येऊन फुटला. होडीचं फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. त्या दिवशी सेराफिन तापानं घरी पडला होता, म्हणून वाचला. पण वाचलेल्या माणसाला लोक अपशकुनी समजतात. त्याच्या नव्या होडीवर खलाशी येईना, तेव्हा मीच वल्ही मारू लागले.

वीस सालच्या उन्हाळ्यात देशोदेशीच्या खेळांमधली शिडाच्या होड्यांची शर्यत आमच्या किनाऱ्यासमोर ठरली. इथल्या पाण्याची ओढ सेराफिनइतकी कुणाला ठाऊक नव्हती, म्हणून वळणाचे बोये, होड्यांनी कुठं वळायचं त्या तरंगत्या खुणा, टाकायचं काम त्याला मिळालं.

शर्यतीच्या सकाळी आम्ही बोये तपासायला गेलो. दुसऱ्या बोयापासून थोडं पलीकडे काहीतरी काळं, गोल, अर्धं बुडून डुलत होतं. सेराफिननं वल्हं थांबवलं.

"वहिनी, तिकडं बघू नकोस," तो म्हणाला. मी बघितलंच.

आम्ही पंचांच्या बोटीशी गेलो. सेराफिननं सुरुंग दिसल्याचं सांगितलं, तेव्हा पंच कॉफी पीत होते.

"पिंप असेल. तो पट्टा साफ केलाय आरमारानं."

"साहेब, पिंपाला शिंगं नसतात."

"अरे, होड्या सुटायच्या वेळेला कुठली भुतं दाखवतोस? जा, किनाऱ्याला लाग."

 सेराफिननं होडी वळवली ती मात्र पुन्हा त्या काळ्या गोळ्याकडे.

"वहिनी, तुझा लाल परकर दे."

मी आतला परकर सोडून त्याला दिला. त्यानं तो होडीतल्या लांब काठीला बांधून बावट्यासारखा उभा केला. सुरुंग ओहोटीबरोबर सरकत होता आणि आम्ही त्याच्या मागोमाग, दहा हातांवरून.

मग शर्यत सुटल्याची तोफ झाली. पांढरी शिडं आमच्याकडेच वळली. पहिल्या होडीवरचा टोपीवाला ओरडला, "ए कोळ्या, वाट सोड. धुणी वाळवायची हीच जागा सापडली का?"

"सुरुंग आहे," सेराफिन ओरडला. त्याच्या बोलीतला एकही शब्द त्यांना कळला नसावा. पण परकर बघून त्यांनी सुकाणू वळवलं. ती होडी गेली आणि तिच्या लाटेनं तो गोळा आमच्याकडे ढकलला. सेराफिन होडीच्या कडेवर पालथा झाला. शिंगाला धक्का लागला की सुरुंग फुटतो, म्हणून वल्ह्याचं पातं शिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेवर टेकवून त्यानं तो थोपवून धरला. त्याच्या मानेवरची शीर फुगली होती.  आमच्या मागून सहा होड्या गेल्या. एकीवर कुणीतरी हसत होतं.

दुपारी वारा चढला. लाटा उंच झाल्या आणि एका लाटेआड तो गोळा दिसेनासा झाला, तो पुन्हा वर आला नाही. आम्ही तासभर फिरलो.

शर्यतीत अडथळा आणला म्हणून पंचांनी सेराफिनला कामावरून काढलं.  तो धक्क्यावर प्रत्येक होडीपाशी जाऊन सांगत राहिला, "आठवडाभर तिकडं जाळं टाकू नका." निम्म्यांनी ऐकलं. म्हातारा कोळी यूल म्हणाला, "तुझं भय तू तुझ्याच घरी ठेव," आणि पहाटे तिकडंच जाळं टाकायला निघून गेला.

तो परत आला. सगळेच परत आले. सुरुंग सापडल्याचं मात्र अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.