माझं अजून झालेलं नाही

“बाबांना नळी नकोच आहे, मी सांगतो ना,” निखिल म्हणाला.

“तुम्ही सांगताय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “मला त्यांच्याकडून ऐकायचंय.”

निखिलचे बाबा, म्हणजे ओककाका, व्हीलचेअरवरून दोघांकडे बघत होते. त्यांना एएलएस आहे. या आजारात मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप हळूहळू बंद पडतात. काकांचे हात गेले, पाय गेले, मग वाचा गेली. बुद्धी शाबूत होती आणि डोळे हलत होते. आता गिळणंही अवघड झालं होतं, वजन उतरत होतं. पोटात थेट अन्न सोडणारी नळी बसवायची, तर श्वासात ताकद आहे तोवरच. उशीर झाला की ती बसवणंच धोक्याचं.

मी स्पीच थेरपिस्ट. आमच्या हॉस्पिटलात डोळ्यांनी टाइप करायच्या यंत्राची ट्रायल चालू आहे. पडद्याखालचा कॅमेरा बुबुळं टिपतो. अक्षराकडे क्षणभर रोखून पाहिलं की ते उमटतं. शेवटी ‘बोला’ या बटणाकडे पाहायचं, मग यंत्र वाक्य मोठ्याने म्हणतं. काकांच्या घरी ते बरेच दिवस होतं आणि काका त्याला डोळाही लावत नव्हते.

“परत आणा ते,” मॅडम मला बाहेर म्हणाल्या. “दुसरे पेशंट थांबलेत.”

“एकदा घरी जाऊन बघते.”

“बघा. आणि नळीचं लवकर. त्यांच्या श्वासाला आपली ट्रायल माहीत नाही.”

काकांचं बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने “गॅरंटी किती?” असं विचारलं, की “माझी की रेडिओची?” म्हणणारा हा माणूस. त्याला बोलायचं यंत्र मिळावं आणि त्याने गप्प बसावं, हे मला पटेना.

स्वारगेटजवळच्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. आधी यंत्रावरच संशय घेतला, आमची ती सवयच. कॅलिब्रेशन, म्हणजे नजर आणि कॅमेरा जुळवून घेणं, पुन्हा केलं. उत्तम होतं. खिडकीचा उजेड पाहिला, खुर्चीची उंची पाहिली. सगळं ठीक. मग कोपऱ्यात बसले आणि म्हटलं, “तुमचं नेहमीसारखं चालू द्या.”

काकांनी ‘म’ उमटवला. उजवीकडून निखिल पडद्यावर वाकला. “मान? मान दुखतेय?”

डावीकडून काकू. “मफलर देऊ का हो?”

काकांनी नेटाने ‘मला’ पूर्ण केलं.

“मला काय, बाबा? झोपायचंय? टीव्ही? फॅन?”

काकांनी डोळे मिटले.

“बघा, लगेच दमतात,” काकू म्हणाल्या.

दमले नव्हते, कंटाळले होते. डोळ्यांनी एक वाक्य लिहायला मिनिटं लागतात. एवढी शांतता प्रेमाच्या माणसांना सोसत नाही, मग ती आपल्या शब्दांनी भरून काढतात. खोट कुणाच्याच मनात नव्हती. पण वाक्य काकांचं आणि शेवट घरच्यांचा, असा कारभार चालला होता.

मी दोघांच्या खुर्च्या मागे सरकवल्या, पडदा दिसणार नाही इतक्या.

“पण आम्ही मदतच करतोय,” निखिल म्हणाला.

“हो ना. म्हणूनच अडलंय. यंत्र बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही.”

मग पडद्याच्या कोपऱ्यात एक मोठं बटण बनवलं. कुणी मध्ये तोंड घातलं की नुसतं त्याकडे बघायचं, यंत्र ताबडतोब बोलणार. त्यात मी ‘कृपया थांबा, मी बोलत आहे’ असं भरलं. काकांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश स्वतःचं वाक्य लिहिलं. ‘माझं अजून झालेलं नाही.’ बटणात तेच भरलं.

“काका, नळीबद्दल तुमचं काय?” मी विचारलं.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. निखिलचा पाय हलत होता. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. बऱ्याच वेळाने यंत्र बोललं.

“मला भूक लागते.”

“अगंबाई! अहो, मऊ भात कालवून आणू?” काकू उठल्याच.

“माझं अजून झालेलं नाही,” यंत्र म्हणालं.

काकू मटकन बसल्या. मग दुसरं वाक्य आलं.

“नळी घाला. मी उपोषणाला बसलेलो नाही.”

मला निखिलकडे बघवेना. “बाबा एवढे चवीने खाणारे, मला वाटलं त्यांना अपमान वाटेल,” एवढंच तो म्हणाला. हे त्याने मनापासून, बाबांसाठीच ठरवलं होतं. आणि त्याचे बाबा त्याच्यासमोर रोज अर्धपोटी राहत होते.

पुढच्या भेटीत काकांनी मॅडमना तेच ऐकवलं. नळी वेळेत बसली. वजन उतरायचं थांबलं. बटण दिवसभर वाजतं, अशी काकूंची तक्रार आहे.

यंत्र बनवणारे इंजिनिअर परवा मला विचारत होते, “मॅडम, काय सुधारणा हवी?”

“यंत्र ठीक आहे,” मी म्हटलं. “नातेवाइकांच्या खुर्च्या तेवढ्या मागे सरकतील असं काहीतरी बघा.”