तिसऱ्या नळीखालचे बोट

प्रथम माझी भूमिका स्पष्ट करते. मी काही वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, पुढे महाविद्यालयात सेंद्रिय रसायन. भूत असते का, असे विचारणाऱ्या प्रत्येक मुलीला माझे उत्तर ठरलेले असे – मोजून दाखव, मग बोलू. या सदरातले अनुभव वाचतानाही माझ्या हातात पेन्सिल असते. कुठे वारा असावा, कुठे उंदीर, कुठे ताप, हे मी समासात लिहीत जाते. आज स्वतःचाच अनुभव लिहायला बसले आहे… आणि समासात काय लिहावे ते मला ठाऊक नाही.

स्थळ इंदूर. मध्य प्रदेश हे राज्य तेव्हा नवे होते. कचेऱ्या भोपाळला हलत होत्या आणि ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबे जावे की राहावे या विचारात होती. मी खरगोनच्या मुलींच्या शाळेतून अभ्यासरजा घेऊन इथे संशोधनासाठी आले होते. सत्र संपले की रजा संपणार होती. हाती काही लागले तर ती वाढणार, नाहीतर परत खरगोन आणि प्रयोगशाळेला कायमचा नमस्कार – बाईमाणसाला अशी रजा दुसऱ्यांदा कोणी देत नसे.

विषय थोडक्यात समजावून सांगते. क्ष-किरण हाडाला अडतात, म्हणून फिल्मवर हाड पांढरे दिसते. मूत्रपिंड मऊ, ते दिसत नाही. परंतु आयोडीनही क्ष-किरणांना अडवते. तेव्हा आयोडीन ज्याच्या रेणूत पक्के बांधलेले आहे असा पदार्थ शिरेतून दिला, तर तो मूत्रपिंडात पोचतो आणि त्याची छाया उमटते. असे औषध परदेशातून येई आणि इंदुरात क्वचितच मिळे. ते इथे करता येते का, हे आम्ही पाहत होतो. ‘पक्के बांधलेले’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

आयोडीन बांधण्यापूर्वी मूळ पदार्थाला हायड्रोजन द्यावा लागतो, आणि ते उत्प्रेरकाशिवाय होत नाही. आमचा उत्प्रेरक म्हणजे कोळशाच्या भुकटीवर बसवलेला पॅलेडियम धातू. माझे मार्गदर्शक दिघे सर म्हणत, उत्प्रेरक हा शाळामास्तरच – पोरे पुढच्या वर्गात जातात, तो तिथल्या तिथे. मी मास्तरीण असल्यामुळे हे ते मला मुद्दाम ऐकवत.

सरांची एक सवय होती. परीक्षानळी कोणाला दाखवायची झाली, की ते तर्जनी तिच्या तळाशी टेकवत आणि मगच ती पुढे करत. रंगावर जाऊ नका, आधी तळाशी काय आहे ते पाहा, असा त्याचा अर्थ. त्या बोटाचे टोक अंगठ्याकडे वाकलेले होते. आम्ही विद्यार्थी चहा पिताना त्याची नक्कल करत असू, आणि सरांना ते माहीत होते.

त्या हिवाळ्यात सर गेले. हृदयविकार… दुपारी वर्ग घेतला होता, संध्याकाळी नव्हते. त्यांच्या जागी आलेले मुळ्ये साहेब सज्जन होते, पण घाईचे. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांनी बोलावून सांगितले की अहवाल उद्या द्यावा. चांगला असेल तर रजा वाढवून घेण्याचे त्यांच्याकडे लागले, आणि नमुना लगेच सशांवर तपासायला पाठवता येईल.

माझ्याजवळ तीन नमुने होते. पहिले दोन मी नव्याने केलेल्या उत्प्रेरकावर तयार केले होते. तिसऱ्यासाठी सरांच्या जुन्या बाटलीच्या तळाशी उरलेली चिमूटभर काळी भुकटी वापरली होती; तो पदार्थ इतका थोडा निघाला की त्याचे द्रावण फारच पातळ झाले. तिन्ही नळ्यांना बुचे लावून मी भर दुपारी दवाखान्यातल्या क्ष-किरण विभागात गेले. तिथले शर्माजी आमचे काम हौसेने करून देत. त्यांनी नळ्या फिल्मच्या पेटीवर आडव्या मांडल्या, आणि आम्ही दोघे शिशाच्या आडोशामागे उभे राहिलो. खोलीत तिसरे कोणी नव्हते.

फिल्म ओलीच प्रकाशावर धरली. पहिल्या दोन नळ्या लख्ख पांढऱ्या. तिसरी जेमतेम दिसणारी. माझी रजा वाढली, हेच मनात आले.

शर्माजी मात्र फिल्मच्या खालच्या कडेकडे पाहत होते.

“बहनजी, ये उंगली किसकी आ गई?”

तिसऱ्या नळीच्या तळाशी बोटाची तीन हाडे स्पष्ट उमटली होती. तळाला टेकलेली. टोकाचे हाड वाकलेले. मधल्या हाडाजवळ एक बारीक पांढरी रेघ होती. तो फिल्मवरचा ओरखडा असावा असे मी धरले.

मी पद्धतीनेच विचार केला. फिल्म आधी वापरलेली? नवे पाकीट माझ्यासमोर फोडले होते. शर्माजींचे बोट? त्यांनी स्वतःहून आपल्या हाताची फिल्म काढून दाखवली; त्यांची बोटे जाड आणि सरळ. माझ्याही हाताची काढली. पेटीत नवी फिल्म घालून, वर त्याच नळ्या ठेवून पुन्हा छाया घेतली – नळ्या तशाच आल्या, बोट आले नाही.

“अब रहने दो बहनजी,” शर्माजी हळूच म्हणाले. “जिसकी भी हो, कुछ बता ही रही है.”

प्रयोगशाळेत परतल्यावर मी पहिल्यांदाच तिसऱ्या नळीकडे नीट पाहिले, आणि मग पहिल्या दोघींकडे. एक साधी परीक्षा आहे: सुटे आयोडाइड असेल तर सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबाने पिवळा साका बसतो. पहिल्या नळीत थेंब टाकला. पिवळे. दुसरीतही पिवळे. तिसरीत पुन्हा पुन्हा टाकले… द्रावण नितळ राहिले.

याचा अर्थ उघड होता. छाया आयोडीनची पडते. ते बांधलेले आहे की सुटे, हे छाया सांगत नाही. पहिल्या दोन नमुन्यांत आयोडीन रेणूला लागलेच नव्हते, नुसते मिसळून राहिले होते, कारण नवा उत्प्रेरक, त्यातला बाजारी कोळसा अशुद्ध असल्याने, मुळात निकामी होता. हायड्रोजन कमी झालेला दिसे, तो रबरी नळीतून गळत होता. ज्या छायेवर मी रजा मागणार होते ती खोटी होती. अंधुक होती तीच खरी.

मुळ्ये साहेबांना मी हे जसेच्या तसे सांगितले, बोट वगळून. त्यांनी तिसरी नळी उजेडाकडे धरून पाहिली. मग म्हणाले, “बाई, एक खरा नमुना आहे ना? मग रजेचे मी बघतो.” बाजारातला कोळसा आम्ही आम्लाने पुन्हा पुन्हा धुऊन घेतला, उत्प्रेरक नव्याने केला, आणि पावसाळ्याच्या आत तिसऱ्या नळीतला पदार्थ बाटलीभर तयार झाला. मी खरगोनला गेले ती सामान आणायला.

ती फिल्म घेऊन मी एकदाच कृष्णपुऱ्याजवळ दिघे काकूंकडे गेले. काय सांगावे ते ठरत नव्हते, म्हणून नुसती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी धरली, आणि माझ्या त्या ओरखड्यावर नख ठेवले.

“सुई अजून आहे म्हणायची,” त्या म्हणाल्या. “एप्रनचं बटण मी लावून देते म्हटलं, तर ऐकतात कुठे… सुईचं टोक आतच मोडलं. डॉक्टरांनासुद्धा निघालं नाही.”

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. शर्माजींनी तर सरांना कधी पाहिलेही नव्हते.

काकूंनी विचारले, फिल्म ठेवून घेऊ का? मी हो म्हटले. त्यामुळे पुरावा आज माझ्याजवळ नाही, आणि मोजून दाखव म्हणणाऱ्या मुलीला मी काही दाखवू शकणार नाही. स्पष्टीकरण तेव्हा सापडले नाही, अजूनही नाही. माझी बोटे सरळ आहेत. तरी वर्गात नळी पुढे करताना तर्जनी आपोआप तिच्या तळाशी जाते, आणि मागच्या बाकावरच्या मुली चहा पिताना माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे.