मामांचा घोडबंदरचा संकल्प

घोडी पदरी बाळगून तिच्यावर एकदाही न बसलेला मनुष्य अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये शोधूनही सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो आमच्या हिचा काशीगावचा मामा असेल. मामांच्या घोडीवर जग बसलं आहे. ती मूळची वरातीची. लठ्ठ नवरे, रडवेले नवरे, नवऱ्याच्या पुढ्यात बसून पेंगणारे भाचे, एकदा तर म्हणे हौसेखातर भटजीसुद्धा तिच्या पाठीवरून फिरून आले. राहिले ते फक्त मालक. बरं, बसायचं नसेल तर माणसानं विषय तरी काढू नये. पण मामा लगाम कसा धरावा, मांड कशी ठोकावी, रिकिबीत पाय किती घालावा यावर समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोलतात. मी मुंबईहून मीरा रोडला राहायला आलेला नोकरदार माणूस. सरकत्या जिन्यावर पाय ठेवतानाही मी जरा विचार करतो. पण मामांनी पहिल्याच भेटीत माझ्या पायांकडे बघून सांगितलं होतं, ''जावयबापू, तुमचे पाय सवाराचे हायत.'' ही अजूनही तो विषय निघाला की हसते.

मामांचं घराणं काशीगावातलं जुनं. वाडवडिलांची भातशेती होती, खाडीकडे थोडं मिठागरही होतं. आता भाताच्या जागी इमारती उगवल्या आहेत, आणि त्यातल्या दोन इमारतींच्या मधोमध, जिथे पूर्वी खळं होतं, तो एक तुकडा मामांनी हट्टानं राखला आहे. तिथे घोडीचा तबेला. ती त्यांच्याकडे आली त्याचीही कथा आहे. मामांच्या धाकट्या मुलाची वरात निघाली होती. फटाक्यांची माळ लागली, सगळे बाजूला झाले, तेवढ्यात नवऱ्याला पाठीवर घेऊन ही घोडी संथपणे मामांपाशी आली आणि त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खाऊ लागली. सगळा हार संपेपर्यंत मामा मान पुढे करून उभे होते. ''येवढ्या मानसांत तिनं मनाच वळखलं,'' असं ते आजही सांगतात. घोडेवाला धंदा बंद करायच्या बेतात होता, नवरदेवांना हल्ली उघडी मोटार लागते. सून घरात येऊन रुळायच्या आत घोडीही येऊन रुळली. दोनदा विनवल्याशिवाय ती तबेल्याबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणून तिचं नाव 'मॅडम' पडलं. त्यावर मामींचं म्हणणं एवढंच, ''जल्म गेला या घरात, मना कोनी मॅडम म्हनलं न्हाय.''

दसऱ्याला मॅडमची पूजा होते. अंघोळ, हळदकुंकू, आपट्याची पानं, आणि गळ्यात झेंडूचा हार, जो ती आरतीच्या आधीच संपवते. त्या दिवसापासून नव्या वर्षापर्यंत मामांचा भेटी देण्याचा हंगाम चालतो, आणि या काळात नातेवाईक जरा जपूनच असतात. समोरच्या सोसायटीतल्या बायकांना दिवाळीत रंगीत कागदाच्या पिशवीत लाल फीत बांधून लीद मिळते, कुंड्यांना घालायला. ''प्युअर व्हेज,'' असं मामा वर बजावतात. पाहुण्यांना मॅडमच्या जुन्या नाला. आता दाराला लावायची नाल काळ्या घोड्याची लागते, त्याशिवाय शनी ऐकत नाही, हे कोणालाही ठाऊक आहे. आणि मॅडम पांढरीशुभ्र. मामांनी त्यावर तोडगा काढला. ते प्रत्येक नालेला काळा ऑइलपेंट फासतात. ''अहो मामा, पण शनीला कळणार नाही का?'' मी विचारलं, तर म्हणाले, ''शनी काय तबेल्यात बगायला येतोय?'' मला त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला खरारा दिला. घोड्याचं अंग घासायचा हा लोखंडी दात्यांचा ब्रश घेऊन मी फ्लॅटमध्ये काय करावं, हा मोठाच प्रश्न होता. शेवटी दर रविवारी काशीगावात जाऊन मीच मॅडमला खरारा करू लागलो, आणि खरं सांगतो, आठवड्याची डोक्यातली कटकट त्या अर्ध्या तासात कुठल्या कुठे जाते.

उलट मामांना काय द्यायचं हा प्रश्न कुणालाच कधी पडला नाही. स्वारीच्या दुकानात जे जे मिळतं ते ते त्यांच्याकडे जमा झालं आहे. पुतण्यानं गुडघ्यापर्यंतचे बूट दिले, लेकीनं हातमोजे, शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबानं एका नाताळात केक आणि तळलेल्या गोड कलकलांबरोबर स्वाराचं गोल हेल्मेट. बसायचा योग येईपर्यंत या वस्तू पडून कशाला राहू द्यायच्या, म्हणून मामा त्या अंगावर वापरतात. ते बूट घालून मासळीबाजारात जातात, मतदानाला जातात, बारशाला जातात. हेल्मेट घालून स्कूटर चालवतात. एकदा काशीमिऱ्याच्या नाक्यावर हवालदारानं अडवलं आणि म्हणाला, ''काका, हे स्कूटरचं हेल्मेट नाहीये.'' मामा शांतपणे म्हणाले, ''साहेब, स्कूटरचं डोकं न्हाय, माझं हाय.'' हवालदारानं हात जोडून सोडून दिलं. समोरचे गुजराती काका रोज गॅलरीतून हाक मारायचे, ''मामा, घोडी पे कब चढोगे? दूसरी शादी का इरादा है क्या?'' आणि मामा खालून ओरडायचे, ''नये साल में पक्का!''

हे 'नये साल' म्हणजे आम्हा सगळ्यांचा वार्षिक उत्सव. एक जानेवारीला सकाळी मामा सगळ्यांना तबेल्यासमोर बोलावतात. चहा, केक, मॅडमला गाजरं. मग मामा पाट मांडून, सोवळं नसलं तरी बूट घालून, पळी-पंचपात्र आणि ताम्हन घेऊन बसतात. नव्या वर्षाचे संकल्प लोक नुसते तोंडानं करतात म्हणून ते फेब्रुवारीपर्यंत वाहून जातात, असं त्यांचं मत आहे. संकल्प हातावर पाणी घेऊन करावा आणि ते ताम्हनात सोडावं. पाणी सोडलं की देव साक्षीला आला, मग माघार नाही. आधी ते आमच्याकडून एकेक करून पाणी सोडवून घेतात. मी पोट कमी करीन, मामी घोडीसमोर आवाज चढवणार नाहीत, वगैरे. मग स्वतःच्या उजव्या हातावर पळीभर पाणी घेतात, डोळे मिटतात आणि खड्या आवाजात म्हणतात, ''या वर्साला मॅडमवर बसून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत जाईन!'' सगळे ताम्हनाकडे बघत असतात. मामांचा हात ताम्हनावर येतो आणि सावकाश तोंडाकडे वळतो. मामा ते पाणी पिऊन टाकतात. ''झालं आचमन,'' मामी म्हणतात आणि चहाचे कप गोळा करायला लागतात.

भित्रा माणूस म्हणावं तर हायवेवर स्कूटर चालवतो. मग घोडं नेमकं कुठे अडतं? मी एका रविवारी खरारा करताना विचारलंच. मामांनी एक गाजर सोलायला घेतलं. मग म्हणाले, ''एकदा चढत होतो हो. पाय रिकिबीत घातला, आनि तिनं मान वळवून बगितलं. आजवर येवढे बसले, कोनाकडं बगितलं न्हाय तिनं. माझ्याकडं बगितलं. मी म्हनलं, र्‍हाऊ दे, पुढच्या वर्सी.'' एवढं बोलून त्यांनी सोललेलं गाजर चुकून स्वतःच खाल्लं.

गेल्या वर्षी मी आणि हिनं ठरवलं की हा घोळ आता मिटवायचा. मामांकडे सगळं होतं, फक्त चांगलं खोगीर नव्हतं. वरातीचं जुनं खोगीर टिकल्या आणि आरशांनी भरलेलं. त्यावर बसलेला माणूस नवरदेवच दिसायचा. आम्ही गुपचूप मॅडमच्या पाठीचं माप घेऊन तपकिरी चामड्याचं खोगीर करायला टाकलं, नाताळात भेट म्हणून. ते आलं, आम्ही मोठ्या थाटात कागदात गुंडाळून काशीगावात नेलं, तर तबेल्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई उभ्या. मॅडमच्या पाठीवरून हात फिरवून त्या मामांना सांगत होत्या, ''मामा, वय झालंय हिचं. पाठ दुखते. आता हिच्यावर कुणालाही बसवायचं नाही, लहान मूलसुद्धा नाही. चालवा मात्र रोज, भरपूर.'' मी दारातच, हातात खोगीर घेऊन. वरातीमागून घोडं म्हणतात, आम्ही घोडं थकल्यावर खोगीर आणलं होतं. मामांनी कागद सोडला, चामड्यावरून हात फिरवला, ''झ्याक हाय'' म्हणाले आणि आत निघून गेले. त्या आठवड्यात त्यांनी बूट घातले नाहीत. साध्या चपलेतले मामा बघून गुजराती काकांनीही गॅलरीतून काही विचारलं नाही. माणसाचं स्वप्न पुरं झालं नाही तर चालतं, पण दर वर्षी ते पुढे ढकलायची सोयसुद्धा गेली, हे मला फार लागलं.

एक जानेवारीला आम्ही जावं की नाही याच विचारात होतो. पण बोलावणं आलं, आणि जाऊन बघतो तर मामा बूट, हातमोजे, हेल्मेट अशा पूर्ण थाटात पाटावर. आम्हा कोणाकडूनही पाणी न सोडवता त्यांनी थेट स्वतःच्या हातावर पळी ओतली. ''मॅडमवर मी कंदी बसनार न्हाय,'' ते म्हणाले, ''पन घोडबंदरला तिला आज नेईन. चालत.'' आणि हात ताम्हनावर उलटा केला. पाणी पडल्याचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मामी कप उचलायच्या विसरल्या.

मग आमची वरात निघाली. पुढे लगाम धरून मामा, शेजारी मॅडम, मागे पाण्याची बाटली घेऊन मामी, गाजरांची पिशवी घेऊन ही, आणि खांद्यावर खोगीर घेऊन मी. ''तुमी आनलंय, तुमीच वागवा,'' असा हुकूम होता. हायवेवरचे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. घोडी मोकळी आणि खोगीर जावयाच्या पाठीवर, असं दृश्य त्यांनीही पाहिलं नसावं. अर्ध्या वाटेत बुटांनी मामांच्या टाचा सोलल्या. ते बूट बसायचे, चालायचे नव्हेत. बूट माझ्या गळ्यात आले, मामा मामींच्या चपला घालून चालू लागले आणि मामी, मॅडमसमोर आवाज न चढवता, अनवाणी. कुणाला घाई नव्हती. मॅडम थांबली की सगळे थांबत. ती चालू लागली की मामा तिच्याशी बोलत चालत, हे आपलं भाताचं शेत होतं, इथं विहीर होती, असं.

किल्ल्याच्या पायथ्याशी, जिथून खाडी दिसते, तिथे एका बसक्या कठड्यावर मामांनी मला खोगीर ठेवायला सांगितलं आणि त्यावर ऐटीत मांड टाकून बसले. समोर मॅडम गाजर खात होती. ऊन कोवळं होतं, खाडीवरून वारा येत होता. मी चाचरतच विचारलं, ''मामा, वाईट वाटतं का हो?'' त्यांनी मान हलवली. ''वाटत होतं. पन आज सगळ्या वाटंला तिचं तोंड बगत आलो. वर बसलो आसतो तर नुसते कान दिसले आसते.''

मामींनी डोळ्याला पदर लावला आणि धुळीला शिव्या दिल्या.

निघताना मामांनी बाटलीतलं पाणी उजव्या हातावर घेतलं. ''पुढच्या वर्सीपन यायचं,'' म्हणाले आणि तिथेच थांबले. मॅडमचं वय आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ताम्हन नव्हतं. मामांनी ते पाणी जमिनीवर सोडलं नाही आणि प्यायलंही नाही. मग हात हळूच पुढे केला, आणि मॅडमनं मान खाली घालून ते पाणी पिऊन टाकलं. अशा संकल्पाचं काय होतं, हे कुठल्या भटजीला विचारायची माझी छाती नाही. आम्ही मात्र तो पक्का धरला आहे, आणि मी खोगिराला दर रविवारी तेल लावतो.