पाव तीन

"ते माझ्या कागदावर नाही," असं हाब्बो आयलर्स म्हणाला की समजायचं, ती गोष्ट या जगातच नाही.

उत्तर समुद्राच्या काठी सपाट मुलूख आहे. गायींच्या पाठीपलीकडे नुसतं आभाळ, आणि आभाळाखाली एक लांबच लांब बांध. तो बांध नसता तर गावं केव्हाच पाण्याखाली गेली असती. हाब्बोनं पस्तीस वर्षं त्या बांधाची उंची मोजली. दर वसंतात काठी घेऊन निघायचा, आकडा लिहायचा, परत यायचा. समुद्र बांधावरून कधी आला नाही. हाब्बोला वाटे, तो आपल्या आकड्याला घाबरूनच येत नाही. निवृत्त झाला तेव्हा मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं माणसं मोजायला घेतली.

माणसं म्हणजे गावचं खुंटी मंडळ. लाकडी चेंडू घरंगळत सोडून नऊ खुंट्या पाडायच्या, बीअर प्यायची आणि वर्षातून एकदा दोन-तीन दिवस एखादं जुनं शहर बघून यायचं, एवढाच मंडळाचा उद्योग. सहलीचा कागद एकवीस वर्षं हाब्बो लिहीत आला होता. त्यात कोणत्या देवळासमोर किती वेळ मान वर करायची, हेसुद्धा असे. एका वर्षी म्हाताऱ्या मेटानं वाटेत लघवीला थांबायचं म्हटलं, तर यानं आधी घड्याळ पाहिलं, मग कागद आणि मग मेटाकडे असं पाहिलं, की बाईनं पुढची चाळीस मिनिटं ओठ आवळून काढली.

टालके राबेला हा माणूस मुळीच आवडत नसे, आणि ती ते लपवतही नसे. बासष्ट वर्षांची, अंगानं भक्कम, बेकरीत उभं आयुष्य काढलेली बाई. "त्याच्या घरातला उंदीरसुद्धा वेळ विचारून बाहेर पडत असेल," असं ती म्हणे. पण या वर्षी तिला हाब्बोची गरज पडली. सहल एर्फुर्टला ठरली होती, आणि एर्फुर्ट हे तिच्या नवऱ्याचं गाव.

फोल्कमार राबे. दोन वर्षांपूर्वी गेला. देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडली, त्याच्या पुढच्या वर्षी जहाजाच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून पूर्वेकडून इकडे आला आणि इथलाच झाला. त्याचं लहानपण एर्फुर्टच्या जुन्या दगडी पुलावर गेलं. त्या पुलावर दोन्ही बाजूंना घरं आहेत, खाली दुकानं, वर माणसं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोरी सोडून आपण कसे हातभर मासे काढायचो, हे फोल्कमार तीस वर्षं सांगत राहिला. दोरी बांधायचा खिळा अजून चौकटीत असेल, म्हणे. दोघं मिळून बघायला जाऊ, म्हणत म्हणत राहूनच गेलं. आता टालकेला एकदा त्या खिडकीशी उभं राहायचं होतं. एवढंच.

जानेवारीत खाणावळीच्या मागच्या खोलीत बैठक बसली. चहा आला. कपात आधी खडीसाखर, तिच्यावर चहा, कडेनं सोडलेली साय. हाब्बोनं कागद उलगडला. शुक्रवार ते रविवार, एकतीस नोंदी.

"मला शनिवारी अर्धा तास हवाय," टालके म्हणाली. "पुलावरच्या घरी. तिथं आपेल नावाच्या बाई राहतात. पत्ता काढलाय मी."

"ते माझ्या कागदावर नाही."

"मग मोठा कागद घे," मेटा म्हणाली. मेटा एक्याऐंशीची, तिला आता कुणाचीच भीती नव्हती.

खोलीत हसू फुटलं. हाब्बोनं चष्मा पुसला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा कागदावर कुणी हसलं होतं.

"ठीक आहे. चौदावी नोंद. पण सगळे जाणार. सुटं कुणी फिरायचं नाही. आणि फोन मी करणार."

"बाई माझ्या नवऱ्याच्या घरातली, फोन तू का करणार?"

"कारण तू तासभर बोलशील आणि वेळ विचारायची विसरशील."

टालकेनं चहा संपवला आणि कपात चमचा उभा ठेवला. आता पुरे, याची खूण म्हणून आमच्याकडे चमचा असाच ठेवतात.

पुढच्या बैठकीला हाब्बोनं वाचून दाखवलं. "नोंद चौदा. शनिवार, सव्वातीन. पुलावरचं घर. पक्कं झालंय. बाई पुरतं बोलतसुद्धा नाही. अर्धे शब्द गिळते. तिकडच्या लोकांनी चाळीस वर्षं दुकानांपुढच्या रांगेत काढली, बोलण्यातही काटकसर करायची सवय लागलीय त्यांना."

त्या गिळलेल्या शब्दांसोबत टालकेनं तीस वर्षं संसार केला होता. पण सव्वातीन तर सव्वातीन. आता खिळा दिसेल, एवढंच तिच्या मनात आलं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी नऊ माणसं एर्फुर्टच्या मोठ्या चौकात उभी होती. वर टेकडीवर दोन देवळं शेजारी शेजारी, खाली रुंद पायऱ्या, उन्हात तापलेला दगड. हाब्बो सर्वांत पुढे. पाठीवरच्या पिशवीत स्वतःची किटली आणि चहाची डबी, कारण आपल्या मुलखाबाहेर चहा नावाचा जो प्रकार मिळतो त्याला तो भांडी धुतलेलं पाणी म्हणे. सकाळपासून त्यानं या शहराला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. रस्ते वाकडे. टेकडीचं कारणच काय, सपाट जागा कमी होती का?

चौकाच्या कडेला निखाऱ्यावर मांसाच्या सुरळ्या भाजत होत्या. वास असा, की आठ जणांचे पाय आपोआप तिकडे वळले. हाब्बो घरून आणलेला चीजचा पाव सोडायला लागला.

"लवकर बोला हो मंडळी," गाडीवाला म्हणाला. पोट मोठं, मिशीला मोहरी लागलेली. "पाव तीनला झाकतो मी. मेहुणीचं लग्न आहे. तिसरं."

हाब्बोनं घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी. "भरपूर वेळ आहे. बसा. सावकाश खा. तीननंतर चौकातून निघायचं."

सगळे पायऱ्यांवर बसले. दोघांनी दुसरी सुरळी घेतली. मेटानं तिसरीसाठी माणूस पाठवला तेव्हा गाडीवाला फळकुट खाली ओढत होता.

हाब्बो उठला. हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. "अहो, ही काय पद्धत? पाव तीन म्हणालात ना तुम्ही?"

"मग?"

"मग दुकान उघडं ठेवा."

गाडीवाल्यानं देवळाच्या घड्याळाकडे बोट केलं. काटे दोन वाजून पंधरा मिनिटांवर होते. "ते काय वाजलंय? पाव तीन."

"याला सव्वादोन म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणत असतील. दोन संपले, तिसऱ्यातला पाव तास भरला, पाव तीन झाले. आणखी पाव तासानं अर्धा तीन, मग पाऊण तीन, मग तीन. शाळेत बोटांवर शिकवतात आमच्याकडे. बाबा, तुम्ही किनाऱ्याकडचे ना? तिकडची माणसं आमच्याकडे नेहमी तासभर उशिरा येतात आणि वर आम्हालाच शिकवतात."

टालकेचा घास तोंडातच राहिला.

तिला एक संध्याकाळ आठवली. नवा आलेला, लाजरा फोल्कमार तिला म्हणाला होता, "पाव आठला कालव्याच्या पुलाशी भेटू." ती सव्वाआठला ऐटीत पोचली. तो एक तास थंडीत उभा होता, नाक लाल, हातात फुलं. "आलीस ना, झालं," एवढंच म्हणाला. पुढे आयुष्यभर त्यानं तिच्यासाठी सव्वा आणि पावणे असंच म्हटलं. आपली मोजणी त्यानं गुंडाळून ठेवली, आणि टालके ती विसरूनही गेली.

"हाब्बो," ती उठून म्हणाली, "आपेलबाई फोनवर काय म्हणाल्या? शब्द सांग. जसेच्या तसे."

"सव्वातीन."

"शब्द, हाब्बो."

तो घुटमळला. "पाव तीन म्हणाली. तीन वाजून पाव असं नीट म्हणायचं सोडून. मधला शब्द तिनं गिळला, मी भरला."

"तू भरलास."

"कुणीतरी भरायलाच हवा होता."

"म्हणजे म्हातारी आत्ता दार उघडून बसलीय. आत्ता, या मिनिटाला. चला सगळे."

हाब्बोनं कागद छातीशी धरला. त्याचे कान लाल झाले होते. टालकेला क्षणभर वाटलं, आता हा माणूस दोन शब्द बोलेल आणि आपण सगळं विसरून जाऊ. पण तो म्हणाला, "आत्ता देवळाच्या पायऱ्या आहेत. सव्वादोन ते तीन. ते घर आत्ता माझ्या कागदावर नाही."

"तर मग तू कागदासोबत राहा," टालके म्हणाली. "दोघं सुखी राहाल."

ती निघाली. मागे मेटा काठी टेकत, मेटामागे बाकीचे. वाकड्या रस्त्यांतून, ट्रामचे रूळ ओलांडून, मासळीबाजाराच्या चौकातून. टालकेचं जाकीट उघडं, श्वास भात्यासारखा. पुलावरच्या त्या अरुंद हिरव्या दारापाशी पोचली तेव्हा आत कॉफी निवत आली होती.

"पंधरा मिनिटं उशीर," आपेलबाई म्हणाल्या. वाळक्या काटकीसारखी बाई, चांगला झगा घालून, पर्स मांडीवर. "किनाऱ्याकडची माणसं म्हटल्यावर मी एक तास धरला होता. पाऊण तीनला मुलगी न्यायला येते. या, लवकर या."

स्वयंपाकघर दोन हातांचं. टालके एकटीच खिडकीशी गेली, बाकीचे जिन्यात दाटीनं उभे राहिले. खिडकीच्या चौकटीत बाहेरच्या बाजूला गंजका खिळा होता. त्यावर आपेलबाईंचं भांडी पुसायचं फडकं वाळत होतं.

टालकेनं फडकं उचललं, खिळ्यावर अंगठा ठेवला आणि खाली पाहिलं. खाली नदी होती. पोटरीभर पाणी, तळाचे गोटे मोजता येतील इतकं. एक बदक त्यात चालत होतं, पोहत नव्हतं.

"इथं हातभर मासे मिळायचे का हो?" तिनं विचारलं.

आपेलबाई हसल्या. "इथं? बोटाएवढा दिसला तरी आम्ही नवल करतो."

"तीस वर्षं," टालके म्हणाली. "थापाड्या मेला." आणि फडकं तिनं हळुवार हातानं परत खिळ्यावर घातलं.

पाऊण तीनला मुलगी आली, दाराला कुलूप लागलं. आठ जण समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसले. मेटाला दम लागला होता.

"पुढच्या वर्षीचा कागद तू लिही," ती टालकेला म्हणाली.

"मी कसला कागद लिहिते. पाकिटाच्या पाठीवर लिहीन."

"पाकीट तर पाकीट. त्यात लघवीला जागा ठेव."

तेवढ्यात हाब्बो आला. पुलाच्या त्या टोकाकडून, एकटा, पाठीवर किटली वाजत. त्याला ओट्यावरची मंडळी दिसली असावी, न दिसायला पूल काही रुंद नाही. पण त्यानं मान वळवली नाही. हिरव्या दारापाशी थांबून त्यानं घड्याळ पाहिलं. देवळात तीनवरचा पाव टोला पडला. त्यानं घंटी वाजवली. थांबला. टाय सरळ केला आणि पुन्हा वाजवली.

"त्याला सांगायचं का?" मेटानं विचारलं.

टालकेनं तोंड उघडलं होतं. पण त्यानं तोवर खिशातून पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर टेकवला आणि चौदाव्या नोंदीसमोर काळजीपूर्वक खूण केली. पुलावरचं घर. झालं.

मग तो पंधराव्या नोंदीकडे निघाला, बांधावर चालायचा तसा, सरळ, मोजून पावलं टाकत, गर्दीत कुणाला वाट न देता. मेटा मोहरी लागलेली बोटं पुसत त्याच्याकडे बघत होती. टालकेही बघत होती, गल्लीच्या वळणावर ती किटली दिसेनाशी होईपर्यंत.