उतार आपल्या मळ्याकडंबी हाय

अक्का कुणाच्याही घरी मागल्या दारानं शिरायच्या. "पुढचं अंगण सगळेच झाडून ठेवतेत. घर मागून कळतंय," असं म्हणत त्या आधी परस बघायच्या आणि मगच चहाला बसायच्या. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. जळकोटकडच्या आमच्या गावात मी सरपंच होते. पण गाव ऐकायचं ते अक्कांचं.

आमच्या गावात घरोघरच्या परसात संडासाचे खड्डे होते. पावसाळ्यात ते तुंबायचे, आडाच्या पाण्याला वास यायचा आणि पोरं आजारी पडायची. त्यावर सांडपाणी शुद्ध करायची योजना मी आणली. जिल्ह्याला किती खेटे घातले, ते मलाच ठाऊक. गटाराची पाइपलाइन घालायची, सगळी घाण एका ठिकाणी न्यायची, टाकीत साठवून पुढं कर्दळीच्या वाफ्यांतून गाळायची आणि ते पाणी शेताला द्यायचं, अशी ती योजना.

ग्रामसभेत मी घसा कोरडा होईस्तोवर बोलले. लोकांचा एकच घोर होता, वास कुणाच्या दारात येणार? इंजिनिअरनं ओढ्याकाठी, खालच्या वस्तीजवळची जागा दाखवली. तशी त्या वस्तीतली शकुंतला उठली.

"आमचा आड तिथंच हाय, सरपंचबाई. तुमचा खड्डा तुमच्या परसातच ऱ्हाऊ द्या."

"पाणी उतारानंच जाणार ना," मी म्हणाले.

मागून अक्कांचा आवाज आला, "उतार आपल्या मळ्याकडंबी हाय."

सगळ्या माना मागं वळल्या. मळा आमचा सामाईक होता, अक्कांचा आणि आमचा, अजून वाटणी न झालेला. मी नवऱ्याकडं बघितलं. साधा बोअर पाडायचं मी म्हटलं, तर महिनाभर विचार करणारा हा माणूस लगेच म्हणाला, "वहिनी म्हणतेत तर घ्या कोपरा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तासभराच्या भाषणाला एकही टाळी पडली नव्हती.

घरी आल्यावर मी विचारलं, "अक्का, मला आधी विचारायचं तरी."

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "सुमन, वास आपल्या नाकाला आला तर बोंबबी आपण मारू. आपली बोंब हापिसात ऐकू जाती. शकीची कोण ऐकतंय?"

त्यांचं खरं होतं, म्हणून जास्त राग आला.

पहिल्याच उन्हाळ्यात वाफे तुंबले आणि मळ्यात उभं राहवेना. तेव्हा अक्कांनी लिंबाखाली बाज टाकली, नाकाला पदर लावला आणि इंजिनिअरला फोनावर फोन केले. "इथं येऊन जेवा, साहेब. मी भाकरी आणते." दोन दिवसांत माणसं आली, वाफे उपसले, वास गेला. कोनशिलेवर नाव माझं आहे. गाव मात्र त्या जागेला 'अक्काचे वाफे' म्हणतं. माझी लेकसुद्धा.

अक्कांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या मुलानं त्यांना लातूरला नेलं. जीप दारात उभी राहिली आणि अर्धं गाव गोळा झालं. शकुंतलेनं आपल्या आडाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. "वाटंत प्या, अक्का. ग्वाड हाय." अक्का तिथंच घोटभर प्यायल्या. मी बाजूला पिशव्या धरून उभी होते. मला वाटलं, आता तरी गाव माझं होईल.

परवा शकुंतला चार बाया घेऊन आली. नव्या घरांना पाइप जोडायचे होते, पण एक शेजारी रस्ता खणू देत नव्हता. मी खुर्ची दिली, चहा ठेवला. ती म्हणाली, "तेवढा अक्काला फोन लावून द्या."

मी लावून दिला. पलीकडून अक्का सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला काय इचारायलाव? सुमन हाय की तिथं. ती म्हणंल तसं करा."

बाया लगेच माझ्याकडं वळल्या आणि माझं मन लावून ऐकू लागल्या. मी बोलत राहिले. गावात माझ्या शब्दाला मान मिळाला, तोही अक्कांनी दिला म्हणून.