नकाशातून गळलेलं बेट

निम्फाला स्वस्थ बसणं जन्मात जमलं नाही. सेबू शहरातल्या एका छोट्या टीव्ही वाहिनीत ती नकाशे करायची. निवडणूक असो, डेंग्यू असो की वादळ, गावागावांच्या सीमा शोधून आणायच्या आणि त्यांत रंग भरायचे. ऐकायला सोपं, पण धड सीमा मिळतात कुठे? सरकारी फाइलमध्ये गावं जुनी, विद्यापीठाच्या फाइलमध्ये नावं भलतीच, आणि फुकटात मिळालेल्या फाइलीत अर्धा बाजार समुद्रात. बाई दिवसभर फाइली धुंडाळत चडफडायची.

वादळाच्या दिवशी सकाळी मात्र एक उत्तम फाइल हाती लागली. तिच्यात खडक न् खडक होता. पण एवढी जड, की नकाशा जरा सरकवला की कॉम्प्युटर गप्प. मग निम्फाने नेहमीचा उपाय केला. सीमारेषा ज्या ठिपक्यांना जोडून आखलेल्या असतात, ते ठिपके विरळ केले. किनारे गुळगुळीत झाले, नकाशा झरझर सरकू लागला.

"अस्सं काम हवं!" संपादक डोदोंग सर म्हणाले. "नाहीतर तुझं शोधणं संपेपर्यंत वादळ चीनला पोचतं."

दुपारच्या बातम्यांत धोक्यातली गावं लाल रंगवलेला तो नकाशा दाखवला आणि सिओनिंग आन्तीचा फोन आला. आईविना पोरीला वाढवणारी ही मावशी अजून गामायान बेटावरच राहायची.

"इंदाय, पोरी, तुझा नकाशा बघितला गं आम्ही सगळ्यांनी! शेजारीपाजारी सगळं लाल, आणि आपण त्यात नाहीच! आपला गावप्रमुख, कपितान, म्हणतो, वादळाला आपला पत्ताच सापडला नाही."

"म्हणजे? तुम्ही अजून घरीच?"

"मग काय, पलीकडच्या शाळेत चटईवर पडू? डुकरांना कोण बघणार? रेडिओवाले दरवेळी बोंबलतात. पण नकाशा आपल्या निम्फाचा म्हटल्यावर लोकांनी होड्या परत वर ओढल्या."

 निम्फाने नकाशा मोठा करून पाहिला. गामायानच्या जागी नुसतं निळं पाणी. ठिपके विरळ करताना चिमुकली बेटं गळून गेली होती, चाळणीतून रवा पडावा तशी.

"आन्ती, माझं चुकलंय! आत्ताच्या आत्ता निघा!"

"मी सांगते गं. पण कपितानचा हट्ट तुला ठाऊक आहे. टीव्हीवर दाखवा म्हणेल."

निम्फाने जड फाइलमधून बेट उचललं आणि हलक्या नकाशावर ठेवलं. सुईच्या टोकाएवढं दिसलं. मग तिने ते ओढून ओढून चांगलं पेरूएवढं केलं आणि लाल रंगवलं. डोदोंग सर मागे येऊन उभे राहिले.

"एवढं मोठं बेट आहे का तिथे?"

"नाही, सर."

"मग खोटं दाखवायचं?"

"खऱ्या मापाचं दिसत नाही, सर. सकाळी तर मी ते पुसूनच टाकलं होतं. तेव्हा कुणी खोटं म्हणालं नाही."

सरांनी कपाळ चोळलं. "लाव. पण शिव्या तू खायच्या."

संध्याकाळी वारा सुटला तेव्हा आन्तीचा फोन आला. "पोचलो गं शाळेत सगळे. कपितान सगळ्यांच्या आधी होडीत! आणि केवढं काढलंस आपलं बेट! पोरं नुसती नाचतायत. आता दोन घास खा आणि आडवी हो."

निम्फाला रडू फुटलं. खुर्चीत टेकलीसुद्धा ती. पण जीव काही थाऱ्यावर येईना. शेवटी तिने जड आणि हलका असे दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले आणि जे जे गळलं होतं त्याला पिवळा रंग दिला. अंगावर पुरळ उठावं तसे समुद्रभर पिवळे ठिपके उठले. त्या बेटांवरही माणसं होती, टीव्ही होते, हट्टी कपितान होते. फक्त तिथल्या कुणाची भाची या वाहिनीत कामाला नव्हती.

खुर्ची मागे पडली, तिला उचलायलाही निम्फा थांबली नाही. "सर!" ती ओरडत धावली. "बातम्या थांबवा!"