डोंगराकडे पाठ करून बसणारे रेवणअप्पा

हिमाचलातल्या स्पितीच्या खोऱ्यात आम्ही बारा जण गेलो होतो. वळणावर बर्फाचं शिखर दिसलं, की अकरा जण जीपमधून उड्या टाकून मोबाइल उंच धरायचे. बारावे रेवणअप्पा. ते सावकाश उतरायचे, एखादा बरा दगड बघून डोंगराकडे पाठ करून बसायचे आणि आम्हाला न्याहाळायचे. माकडाचा खेळ बघावा, तसे.

"मास्तर, हे डोंगार कुठं पळून चालले का? मग एवढी काय गडबड करून राहिले तुमी?"

अप्पा मूळचे उदगीरचे, भुसार व्यापारी. दुकान मोठ्या मुलाच्या हवाली करून लातूरला धाकट्याकडे, आमच्या शेजारी राहायला आले. नावं ठेवल्याशिवाय त्यांना चहा उतरत नसे. सुनेची इडली, महापालिकेची बाग, माझा मॉर्निंग वॉक, कशाचीच गय नव्हती. मुलाने त्यांचे पैसे भरले ते 'अप्पांना हवापालट' म्हणून. सुनेने मला जिन्यात गाठून सांगितलं, "काका, दहा दिवस तरी न्या." एवढ्या मनापासून माझ्या सहलीचं स्वागत दुसऱ्या कुणीच केलं नाही.

सहल माझी, कारण मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. तीस वर्षं फळ्यावर हिमालय काढला. प्रत्यक्षात माहूरच्या पलीकडे पाय टाकलेला नव्हता. पण नांदेडचे सात आणि लातूरचे पाच जण जमल्यावर मी स्वतःच स्वतःला पुढारी नेमलं. प्रत्येक गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, शिरलो की माझं व्याख्यान सुरू. एकदा तर दुसऱ्याच गोंपाची माहिती मोबाइलवरून अर्धा तास वाचून दाखवली. तिथले वयस्क लामा हात जोडून ऐकत होते. शेवटी अप्पा म्हणाले, "मास्तर, त्या सामीला बी एखांदा शब्द बोलू द्या की. तेबी इथंच राहतात."

अप्पांच्या गळ्यात शिवदोऱ्याला चांदीची डबी असे. आम्हा लिंगायतांचा देव अंगावर राहतो. दीक्षेच्या वेळी गुरूने दिलेलं इष्टलिंग त्या डबीत असतं. अप्पा रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करत आणि जेवताना डबीला हात लावून मगच घास घेत, पाण्याचा घोटही. 'आम्हा लिंगायतांचा' असं मी रुबाबात लिहितो खरा, पण माझी डबी लातूरला लोखंडी कपाटात, जुन्या पासबुकांखाली होती.

पाचव्या दिवशी आम्ही सगळ्यात उंच गावी पोचलो. गोंपाच्या दारात एक म्हातारी तिथले लोकरी झगे फोटोपुरते भाड्याने देत होती. मला हुक्की आली. अकरा जणांना झगे चढवले, तरी पुढाऱ्याचं समाधान होईना.

"अप्पा, तुम्ही पण."

"मला कशाला? मी काय बोहल्यावर चढून राहिलो का?"

मी ऐकतोय कसला! जबरदस्तीने झगा अंगावर घातला. वर डबी लोंबत होती, ती फोटोत बरी दिसेना म्हणून मीच ती झग्यात खोचली. फोटो झाला. मागे दुसरे प्रवासी खोळंबलेले, म्हणून मीच घाईघाईने झगा ओढून काढला. म्हातारी काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, आभार मानतेय.

तासाभराने खालच्या गावात जेवायला बसलो. अप्पांचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला. डबी नव्हती. मी झगा ओढला तेव्हा दोरा त्याच्या आकड्यात अडकून तुटला होता.

अप्पांनी ताट सरकवलं. पाण्याचा पेलाही सरकवला.

तोंड कोरडं पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या उंचीवर धडधाकट माणसालाही धाप लागते. अप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी हात जोडले. "अप्पा, पाणी तरी घ्या. देव काय, सगळीकडे आहे."

"सगळीकडं हाय? मग मला इथवर कशाला आणलं?"

मग मी आयुष्यातलं सगळ्यात हलकं काम केलं. नदीकाठी जाऊन एक गुळगुळीत काळा दगड शोधला, रुमालात गुंडाळला आणि 'जीपमध्ये सापडलं' म्हणून त्यांच्या तळहातावर ठेवला. रुमाल उघडायचीही त्यांना गरज पडली नाही. त्यांनी हात फक्त खालीवर केला.

"साठ वरीस हातावर घेतलंय मी, मास्तर. तुमी शाळेत पोरायला असंच शिकवलं का?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचे ओठ सुकले होते. मी ड्रायव्हरला घेऊन पुन्हा वर धावलो.

झगा वाटेतच कुणाच्या अंगावर गेला असेल, डबी दरीत पडली असेल, असं काय काय मनात येत होतं. म्हातारीने मला लांबूनच ओळखलं. डबी तिच्या घरात होती, फळीवर, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, तुपाच्या दिव्यापुढे. उघडलेली नव्हती. मी हात पुढे केला. तिने डबी दिली नाही. ड्रायव्हरकडे वळून ती तावातावाने बोलू लागली. ड्रायव्हर हसू दाबत म्हणाला, "सर, कहती है, यह आपका नहीं है. आपने ही उस बुजुर्ग के कपड़े खींचे थे. आपके हाथ में नहीं दूँगी."

तिने दुकान बंद केलं, डबी शालीखाली घेतली आणि जीपमध्ये पुढे बसली. मी मागे, झग्यांच्या गाठोड्याशेजारी. ते गाठोडं ती तिथे कुणाच्या भरवशावर ठेवणार?

अप्पा भिंतीला टेकून बसले होते. म्हातारीने डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच हात धुऊन पूजा केली. मग पाणी प्यायले, पेल्यावर पेले. नंतर पिशवीतून सुनेने दिलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढली आणि निम्मी तिच्यापुढे ठेवली. दोघांना एकमेकांचा शब्दही कळत नव्हता, तरी बराच वेळ गप्पा चालल्या. मधूनमधून दोघेही माझ्याकडे बघत.

लातूरला परतल्यावर गल्लीतल्या लोकांनी अप्पांना घेरलं. एवढ्या लांब गेलात, काय काय बघितलं? पुढे दोन वर्षांनी अप्पा गेले. तोपर्यंत जो विचारेल त्याला त्यांचं उत्तर एकच असे, आणि ते देताना मी शेजारी असलो तर आवाज जरा चढे.

"एक शानी बाई बघितली."

"आणि डोंगर, अप्पा? देवळं?"

"ते मास्तरला इचारा. त्यांच्या मोबाइलमधी हाईत."